जुनी लष्करी जीप घेताना, घडवताना आणि विकताना

जुन्या लष्करी फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचा व्यवहार बहुतेक वेळा तिच्या रंगावरून सुरू होतो आणि तिथेच फसतो. मळकट हिरवा रंग, बॉनेटवरचा पांढरा तारा, मागे अडकवलेला वीस लिटरचा जेरीकॅन आणि बाजूला पट्ट्याने बांधलेले फावडे-कुऱ्हाड एवढे दिसले की घेणाऱ्याचे मन ठरून जाते. पुढची सगळी वर्षे मात्र गाडीच्या कागदपत्रांवर आणि चॅसीवर अवलंबून असतात, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टी पैसे दिल्यानंतर कधीतरी पाहिल्या जातात. मी या गाड्या घेतल्या आहेत, पार शेवटच्या बोल्टापर्यंत खोलल्या आहेत, पुन्हा उभ्या केल्या आहेत आणि काही विकल्याही आहेत. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे: अशा गाडीची किंमत तिच्या ओळखीत असते. ती कोणत्या कारखान्यातून, कोणत्या वर्षी, कोणत्या कामासाठी बाहेर पडली आणि त्यानंतर तिच्यात कोणी काय बदलले, हे जितके नेमके सांगता येईल तितका घेणारा निर्धास्त असतो आणि विकणाराही. म्हणून खरेदी, फेरबदल आणि विक्री यांचा विचार पहिल्या दिवसापासून एकत्रच करावा लागतो.

कोणत्या गाडीपासून सुरुवात करावी

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी म्हणून निविदा मागवल्या आणि नमुना तयार करायला केवळ ४९ दिवसांची मुदत दिली. बॅन्टम या छोट्या कंपनीने ती पाळली आणि सप्टेंबरमध्ये पहिली गाडी होलाबर्डच्या लष्करी तळावर पोहोचवली. मोठ्या उत्पादनाचे काम मात्र विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेले. १९४१ ते १९४५ या काळात विलीसची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू या जवळजवळ एकसारख्या गाड्या मिळून सहा लाखांहून अधिक तयार झाल्या. या आकड्याचे महत्त्व इतिहासापुरते नाही. इतक्या गाड्या निघाल्या म्हणूनच आज त्यांचे सुटे भाग, नव्याने बनवलेले पत्रे आणि दुरुस्तीच्या पुस्तिका मिळतात, आणि पहिली गाडी निवडताना माझ्या मते हाच सर्वात मोठा निकष असावा.

युद्धानंतर याच घराण्यातून १९४५ मध्ये नागरी सीजे-२ए आली, पुढे लष्करासाठी एम३८ आणि १९५२ पासून गोलाकार मडगार्डची एम३८ए१ आली. फ्रान्समध्ये हॉचकिस, जपानमध्ये मित्सुबिशी आणि भारतात महिंद्र यांनी परवान्याखाली याच जातीच्या गाड्या बनवल्या. ब्रिटनमध्ये १९४८ पासून लँड रोव्हरची मालिका सुरू झाली. त्यांच्याशिवाय सोव्हिएत गाझ-६९, जर्मन युनिमॉग ४०४ आणि ऑस्ट्रियाची पिन्झगावर यांचेही चाहते आहेत. पहिलीच गाडी घेणाऱ्याने विलीस घराण्यातली किंवा लँड रोव्हरची जुन्या मालिकेतली गाडी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. युनिमॉग आणि पिन्झगावर यांचे पोर्टल अॅक्सल, म्हणजे चाकाजवळ वेगळे गिअर बसवून धुरा उंच उचललेली रचना, अत्यंत सुंदर आहे. पण तिची दुरुस्ती शिकाऊ हाताचे काम नाही.

फोर्डने रचलेल्या एम१५१ या गाडीबद्दल मात्र वेगळा इशारा द्यायला हवा. तिच्या प्रत्येक चाकाचे सस्पेन्शन स्वतंत्र होते, वेगात वळताना ती उलटण्याचे प्रकार घडले, आणि त्यामुळे सेवेतून काढताना अमेरिकी लष्कराने त्यांतल्या असंख्य गाड्या मधोमध कापूनच भंगारात दिल्या. या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे एखादी एम१५१ विकायला आली, तर तिच्या तळपत्र्यावर आडवी वेल्डिंगची रेघ आहे का हे आधी पाहावे. ती सापडली, तर मी अशा गाडीचा मोह सोडून देतो.

ओळख पटवणे

प्रत्यक्ष गाडी पाहायला जाण्यापूर्वी कागदपत्रांच्या प्रती मागाव्यात आणि त्यांवरचे नाव, क्रमांक, उत्पादनाचे वर्ष आणि गाडीचा वर्ग लिहून घ्यावा. गाडी थेट लष्कराच्या लिलावातून आली असेल, तर ती सेवेतून मुक्त केल्याचा कागद असायला हवा. अमेरिकी गाड्यांच्या बाबतीत हे काम फॉर्म ९७ करतो. गाडी आणि कागद वेगवेगळ्या वाटांनी एकत्र आल्याची शंका आली, म्हणजे एका भंगार गाडीचे कागद दुसऱ्या गाडीला चिकटवलेले दिसले, तर तिथेच थांबावे. इंजिन बदलता येते, पत्रा बदलता येतो, पण खोटी ओळख घेऊन फिरणारी गाडी पुढे कोणालाच प्रामाणिकपणे विकता येत नाही.

त्यानंतर चॅसीचा क्रमांक पाहायचा. विलीस एमबीमध्ये तो एका छोट्या पट्टीवर असतो आणि ती पट्टी पुढच्या बंपरमागे, डाव्या चॅसीपट्टीच्या आतल्या बाजूला रिव्हेट केलेली असते. रिव्हेट निघतात, पट्ट्या हरवतात, आणि नव्या नकली पट्ट्याही विकत मिळतात, म्हणून पट्टीपेक्षा तिच्या रिव्हेटांकडे आणि भोवतीच्या गंजाकडे अधिक लक्ष द्यावे. फोर्ड जीपीडब्ल्यूमध्ये क्रमांक थेट चॅसीच्या डाव्या पट्टीच्या वरच्या अंगावर, इंजिनाच्या आसपास ठोकलेला असतो. तिथला रंग वायर ब्रशने हलकेच काढावा. ग्राइंडर लावला की अक्षरे कायमची जातात.

दोन्ही गाड्या दुरून सारख्या दिसल्या तरी पुढून वाकून पाहिले की फरक कळतो. रेडिएटरच्या खाली चॅसीला जोडणारी आडवी पट्टी विलीसमध्ये गोल नळीची असते आणि फोर्डमध्ये उलट्या पन्हाळीसारखी चौकोनी. फोर्डच्या मूळ कंसांवर आणि बोल्टांच्या माथ्यावर बारीक ‘एफ’ हे अक्षर असते. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकच्या उजव्या अंगाला पुढच्या बाजूला सापडतो. इथे नवशिक्यांची हमखास एक गल्लत होते. फोर्डमध्ये मूळ चॅसीचा आणि इंजिनाचा क्रमांक एकच असे, पण विलीसमध्ये ते दोन क्रमांक कारखान्यातून निघतानाही वेगळेच असत. त्यामुळे ‘दोन्ही नंबर जुळणारी विलीस’ अशी जाहिरात कोणी करत असेल, तर तिच्यावरचा एक तरी क्रमांक नंतर ठोकलेला आहे असे समजावे.

विलीसच्या चॅसीवर फोर्डची बॉडी असणे मात्र आपोआप खोटेपणाचे लक्षण ठरत नाही. युद्धकाळात आणि नंतरही लष्करी कार्यशाळांमध्ये गाड्या डझनांनी खोलल्या जात आणि हाती लागेल तो भाग बसवून पुन्हा उभ्या केल्या जात. अशी मिश्र गाडी हाही तिच्या सेवेचाच पुरावा असतो. प्रश्न एवढाच, की विकणारा ती मिश्र आहे हे सांगतो की नाही. हॉचकिसच्या एम२०१ गाडीबाबतही हेच लागू होते. ती फ्रान्समध्ये युद्धानंतर तयार झाली, तिची विद्युत यंत्रणा २४ व्होल्टची होती, आणि थोड्या फेरफाराने ती युद्धकाळातली विलीस म्हणून खपवता येते. हॉचकिस म्हणून ती उत्तम गाडी आहे; विलीस म्हणून विकली तर ती फसवणूक आहे.

नागरी सीजे-२ए ओळखणे त्या मानाने सोपे आहे. तिच्या पुढच्या जाळीला सात खाचा असतात, तर युद्धकाळातल्या पत्र्याच्या जाळीला नऊ. सीजेचे दिवे मोठे आणि बाहेर आलेले असतात, मागे उघडणारी फळी असते आणि पेट्रोल भरण्याचे तोंड बॉडीच्या बाजूला असते. युद्धकाळातल्या लष्करी गाडीत पेट्रोल भरायला चालकाची बैठक उचलावी लागते.

प्रत्यक्ष तपासणी

तपासणीला जाताना जुने कपडे, टॉर्च, एक लोहचुंबक, टोकदार स्क्रू-ड्रायव्हर, मोजपट्टी, सिलिंडरमधला दाब मोजणारे कॉम्प्रेशन गेज आणि मल्टिमीटर घेऊन जावे. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे की इंजिन आपण येईपर्यंत सुरू करू नये. थंड इंजिन सुरू होताना जे सांगते ते गरम इंजिन लपवते.

सुरुवात जमिनीवर आडवे होऊन करावी. विलीसच्या तळपत्र्याखाली टोपीच्या आकाराच्या पन्हाळी असतात आणि त्यांच्या आत लाकडाच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्या लाकडात ओल साचते आणि पन्हाळ आतून सडत जाते, बाहेरून मात्र रंग चकचकीत राहतो. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक त्या पन्हाळीवर अंतरा-अंतराने दाबत जावे. ठणठणीत पत्र्याचा आवाज कोरडा येतो. सडलेल्या ठिकाणी आवाज मऊ होतो आणि टोक आत रुतते. तसेच चालकाच्या बैठकीखाली, पेट्रोलची टाकी ज्या खळग्यात बसते तो खळगा आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या हत्यारपेट्यांचे तळ पाहावेत. लोहचुंबक जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे असे समजावे. लँड रोव्हरमध्ये लोहचुंबकाचा उपयोग नाही, कारण तिची बॉडी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहे. तिथे चॅसीच्या बाजूला निघालेले आधार, मागची आडवी पट्टी आणि चालकाच्या पायापुढची पोलादी भिंत तपासावी, आणि जिथे अॅल्युमिनियम पोलादाला टेकते तिथे पांढरी भुकटी धरली आहे का पाहावे. दोन धातूंच्या मध्ये पाणी आले की अॅल्युमिनियम खाल्ले जाते.

चॅसी सरळ आहे की नाही हे मोजपट्टीने कळते. डाव्या बाजूच्या पुढच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) बोल्टापासून उजव्या बाजूच्या मागच्या बोल्टापर्यंत आणि त्याच्या उलट, असे दोन कर्ण मोजावेत. दोन्हींत डोळ्यांत भरण्याजोगा फरक निघाला, तर गाडीला मोठी धडक बसलेली आहे. पाटे जिथे चॅसीला अडकतात ते कंस आणि गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी या जागी तडे जातात, म्हणून तिथली माती खरवडून पाहावी.

आता पुढचा धुरा जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवावे. खेळ जाणवला तर तो किंगपिनच्या, म्हणजे पुढचे चाक ज्या खुंटीवर वळते तिच्या, बेअरिंगचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा असतो; दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे, आणि तरीही खेळ राहिला तर दोष किंगपिनमध्ये आहे. एमबीच्या पुढच्या धुऱ्यावर मधोमध स्टेअरिंगचा एक वळणदार लिव्हर असतो. त्याची बेअरिंग झिजली की चाके थरथरू लागतात, आणि ठरावीक वेगाला हँडल हातातून सुटेल इतका हादरा बसतो. पुष्कळ लोक यासाठी चाकांच्या बॅलन्सिंगवर खर्च करतात, पण आधी हा लिव्हर, किंगपिन आणि टाय रॉडचे, म्हणजे पुढची चाके एकत्र वळवणाऱ्या दांड्याचे, टोक पाहावे.

चाकांजवळ आहोत तोवर दोन धोके सांगून ठेवतो. युद्धकाळातल्या जीपच्या लष्करी रिमा दोन भागांच्या असतात. बाहेरच्या वर्तुळातले आठ नट त्या दोन भागांना एकत्र धरून ठेवतात आणि आतले पाच नट चाकाला हबवर धरतात. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सोडले तर रिमचा भाग गोळीसारखा सुटतो आणि माणूस जागीच मरू शकतो. मी माझ्या गाडीच्या बाहेरच्या नटांवर लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवला आहे, आणि त्यांना हात लावण्याआधी व्हॉल्व्हमधली सुई काढून टायर पूर्ण रिकामा करतो. दुसरी गोष्ट डाव्या बाजूच्या चाकांची. त्यांचे नट उलट्या आट्यांचे असतात. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हते. मी पान्याला लांब नळी घालून जोर लावला आणि एक स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो बोल्ट, तोडला. स्टडच्या टोकावर ‘एल’ हे अक्षर होते, पण ते ग्रीसखाली झाकलेले होते.

इंजिनाकडे येऊ. विलीसचे मूळ इंजिन चार सिलिंडरचे, २,१९९ सीसीचे आणि साधारण ६० अश्वशक्तीचे आहे. त्याचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसवलेले असतात. कॉम्प्रेशनचे प्रमाण सुमारे साडेसहास एक इतके कमी असल्यामुळे गेजवर मोठा आकडा दिसत नाही. पाहायचे ते हे, की चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरमध्ये एकदम कमी दाब मिळाला तर हेडची गॅस्केट गेलेली असते. एकाच सिलिंडरमध्ये कमी मिळाला, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे; दाब वाढला तर रिंगा गेल्या, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीजवळ ब्लॉकला तडा जाणे हा या इंजिनाचा जुना आजार आहे, आणि हेड उतरवल्याशिवाय तो दिसत नाही. म्हणून सौद्याच्या हिशेबात ब्लॉकसाठी काही रक्कम आधीच धरावी.

चालवून पाहताना दुसऱ्या गिअरमध्ये वेग घेऊन पाय एकदम उचलावा. गिअर उडून न्यूट्रल झाला तर गिअरबॉक्स खोलावाच लागेल. ट्रान्सफर केसचा, म्हणजे गिअरबॉक्समधला जोर पुढच्या-मागच्या धुऱ्यांना वाटणाऱ्या पेटीचा, लिव्हर हाय, लो आणि फोर-व्हील अशा सगळ्या जागी बसतो का ते मातीवर तपासावे. डांबरी रस्त्यावर तपासू नये. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. त्यामुळे वळणावर दोन्ही धुऱ्यांच्या वेगात पडणारा फरक टायर घसरूनच भरून निघतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, सगळा ताण शाफ्टांत आणि गिअरांत साठतो आणि लिव्हर अडकून बसतो. याच कारणासाठी चारही टायर एकाच मापाचे आणि एकसारखे झिजलेले असावे लागतात.

खोलणे आणि नोंद ठेवणे

गाडी घरी आली की पहिला आठवडा पान्याऐवजी कॅमेरा हातात ठेवावा. प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, प्रत्येक नळी कोणत्या क्लिपमध्ये बसते, कोणत्या जागी वॉशर आहे आणि कोणत्या जागी नाही, याचे फोटो काढावेत. खोलताना प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीत कागदाची चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीचा क्रमांक वहीत. सहा महिन्यांत जोडू असे म्हणून खोललेली गाडी दोन वर्षे पडून राहते, आणि तेव्हा स्मरणशक्तीचा उपयोग होत नाही. एमबी आणि जीपीडब्ल्यूसाठी टीएम ९-८०३ ही १९४४ ची लष्करी पुस्तिका जवळ ठेवावी. तिच्यातल्या आकृत्या आजही सर्वात विश्वासार्ह आहेत.

जुना रंग काढण्याची घाई करू नये, कारण त्याच्या थरांत गाडीचा इतिहास असतो. एका गाडीच्या बॉनेटच्या बाजूवर मी पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने, दोन बोटांच्या दाबाने, तळहाताएवढी जागा घासत होतो. वरचा निळा थर गेला, त्याखाली तपकिरी, त्याखाली चकाकणारा हिरवा, आणि त्याच्याही खाली मंद हिरव्यावर एक फिकट वाकडी रेघ दिसू लागली. थांबून, बाजूने टॉर्च तिरपी धरली, तेव्हा तो २ चा आकडा निघाला आणि शेजारी शून्य. अमेरिकी लष्करातल्या पाव टनी गाड्यांचे बॉनेटवरचे क्रमांक २० ने सुरू होत. पुढचे आकडे काढायला मला चार संध्याकाळ लागल्या. ग्राइंडरवर वायरचा ब्रश लावला असता, तर ते काम दहा मिनिटांत झाले असते आणि क्रमांक गेला असता.

हे काम नेहमी ओलेच करावे. जुन्या रंगात शिसे असते आणि कोरडे घासले की ते श्वासात जाते. ब्रेकच्या जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असते, म्हणून ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या नळीने कधीही उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. युद्धकाळातल्या काही मीटरांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असतो. त्याची चमक विझली तरी किरणोत्सर्ग संपलेला नसतो, म्हणून अशा मीटरची काच स्वतः उघडू नये.

फेरबदल: काय करावे, काय टाळावे

फेरबदलांबाबत माझा नियम एकच आहे. जो बदल पान्याने बसवता येतो आणि पान्याने काढता येतो तो करावा. ज्यासाठी मूळ चॅसी किंवा मूळ पत्रा कापावा लागतो तो टाळावा. काढलेला प्रत्येक मूळ भाग, तो निकामी असला तरी, पेटीत जपून ठेवावा आणि गाडी विकताना सोबत द्यावा.

सर्वात आधी ब्रेक. मूळ रचनेत चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून एकाच वाटेने तेल जाते, त्यामुळे एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला की पुढची आणि मागची वाट वेगळी होते. गाडी नियमित रस्त्यावर चालवायची असेल, तर मी हा बदल आवश्यक मानतो, आणि मूळपणाचा कितीही कडवा आग्रही असला तरी त्यावर समजूतदार माणूस आक्षेप घेत नाही. सीट बेल्ट आणि वळणाचे दिवे यांच्यासाठी शक्य तिथे आधीपासून असलेल्या भोकांचाच आधार घ्यावा.

वेग ही दुसरी तक्रार असते. एमबीच्या डॅशबोर्डवरील पट्टीवर कमाल वेग ताशी ६५ मैल दिला आहे, पण धुऱ्यांतल्या गिअरांचे ४.८८ हे प्रमाण पाहता ताशी ७० किलोमीटरच्या पुढे इंजिन ओरडू लागते. अनेक जण यावर नवे, मोठे इंजिन बसवण्याचा मार्ग घेतात. त्यापेक्षा ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर, जिथे पूर्वी यंत्रे चालवण्यासाठी जोड घेतला जाई, तिथे बसणारा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे जादा वेगाचा गिअर, घ्यावा. तो फक्त बोल्टांनी बसतो, इंजिनाच्या फेऱ्या सुमारे चतुर्थांशाने कमी होतात, आणि काढून टाकला तर गाडी होती तशी होते. एमबीच्या टी-८४ गिअरबॉक्सऐवजी त्याच घराण्यातला अधिक भक्कम टी-९० गिअरबॉक्स बसवणे हाही असाच, परत फिरवता येणारा बदल आहे.

विद्युत यंत्रणेत लोक घाईने ६ व्होल्टवरून १२ वर जातात, कारण सेल्फ जड फिरतो. पण तेवढ्याच शक्तीसाठी ६ व्होल्टमध्ये दुप्पट विद्युतप्रवाह लागतो, आणि बहुतेक गाड्यांत मधल्या काळात कोणीतरी १२ व्होल्टच्या गाडीची बारीक बॅटरी केबल बसवलेली असते. सेल्फ फिरवताना मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीवर आणि दुसरी सेल्फच्या खुंटीवर धरावी. मग तसेच बॅटरीचे दुसरे टोक आणि सेल्फची बॉडी यांच्यात मोजावे. यांपैकी कुठेही अर्ध्या व्होल्टहून जास्त घट दिसली, तर दोष केबलचा किंवा अर्थिंगच्या पट्टीचा आहे. जाड केबल आणि घासून स्वच्छ केलेले अर्थिंग एवढ्यावर माझ्या दोन गाड्या १२ व्होल्टशिवाय सुरू होऊ लागल्या. एम३८ ची २४ व्होल्टची जलरोधक यंत्रणा तर बदलूच नये. तिचे भाग महाग असले तरी त्या गाडीची ओळखच ती आहे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा मऊ करते, म्हणून हे दोन्ही नव्या रबराचे घ्यावेत आणि टाकी बैठकीखाली असल्याचे भान ठेवून दरवर्षी नळी वास घेऊन तपासावी.

उंची वाढवणे आणि रुंद टायर बसवणे यांना माझा स्पष्ट विरोध आहे. विलीसचा स्टेअरिंग बॉक्स ६.००-१६ मापाच्या अरुंद टायरसाठी रचलेला आहे. रुंद टायरने त्याच्यावर, किंगपिनवर आणि चाकांच्या बेअरिंगवर कैकपट ताण येतो. उंची वाढली की शाफ्टांचे कोन बिघडतात आणि त्यांच्या सांध्यांतले क्रॉस लवकर जातात. शिवाय अनेक देशांत असा बदल केलेली गाडी पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. नागरी सीजेला लष्करी वेष चढवायचा असेल तर जरूर चढवावा, पण तिला ‘लष्करी धाटणीची’ असेच म्हणावे.

रंगाबाबत थोडक्यात. चॅसी आणि धुऱ्यांना रेती मारून घेणे योग्य आहे, पण बॉनेटसारख्या सपाट, पातळ पत्र्यावर रेतीचा मारा केला की तो लाटांसारखा वाकतो. तिथे रसायनाने रंग उतरवावा. लष्करी हिरवा रंग देण्यापूर्वी स्थानिक कायदा वाचावा, कारण काही देशांत खासगी गाडीला हा रंग द्यायला मनाई आहे. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीच राखून ठेवला आहे. नकली शस्त्रे आणि त्यांचे स्टँड बसवतानाही हीच काळजी घ्यावी. ज्या पथकाचे चिन्ह आपल्या गाडीवर सापडले नाही, ते केवळ शोभेसाठी तिच्यावर रंगवू नये.

विक्री

विकण्याची तयारी खरे तर खरेदीच्या दिवशी सुरू झालेली असते. खर्चाची प्रत्येक पावती एका फाइलमध्ये, तारखेनुसार. त्याच फाइलमध्ये खोलतानाचे फोटो, क्रमांकांचे जवळून काढलेले फोटो आणि बदललेल्या भागांची यादी. मी त्या यादीला तीन रकाने ठेवतो: मूळ असलेले, त्या काळातले पण दुसऱ्या गाडीचे, आणि नव्याने बनवलेले. संपूर्ण बॉडी नव्या पत्र्याची असेल, आणि अशा तयार बॉड्या फिलिपिन्समध्ये बनून जगभर जातात, तर जाहिरातीच्या पहिल्या परिच्छेदात तसे लिहावे. हे लिहिल्याने किंमत कमी येते, हे खरे आहे. पण लपवल्यास जाणकार माणूस पन्हाळीखाली वाकताच ते ओळखतो, आणि मग गाडीबद्दलच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास उरत नाही.

‘रिस्टोर केलेली’ हा शब्द मोघम आहे. इंजिन बोर केले असेल तर किती मापाचे पिस्टन टाकले, क्रँकला कोणत्या मापाच्या बेअरिंग आहेत, ब्रेकचे कोणते सिलिंडर नवे आणि कोणते दुरुस्त केलेले, हे लिहावे. जुन्या वाहनांची जागतिक संघटना असलेली फिवा किमान ३० वर्षे जुन्या आणि ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जपलेल्या गाड्यांना ऐतिहासिक वाहन मानते. अशी मान्यता हवी असलेला ग्राहक मूळपणा पाहतो, तर दर रविवारी चालवू पाहणारा ग्राहक ब्रेक, स्टेअरिंग आणि सुरू होण्याची खात्री पाहतो. दोघांना एकच गाडी एकाच जाहिरातीने विकण्याचा प्रयत्न केला की दोघेही निघून जातात. आपली गाडी कोणासाठी आहे हे आधी ठरवून त्यानुसार लिहावे.

फोटो सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात काढावेत आणि त्यांतले निम्मे गाडीच्या खालचे असावेत. गळती असेल तर ती दिसू द्यावी. या ट्रान्सफर केसमधून थोडे ऑइल टिपकते हे जाणकाराला ठाऊक असते, आणि नुकतेच धुऊन काढलेले गिअरबॉक्स पाहून त्याला उलट शंका येते. चालवून पाहण्यापूर्वी विमा लागू आहे का ते तपासावे, ग्राहकासोबत स्वतः बसावे आणि फोर-व्हीलचा लिव्हर मातीवरच लावू द्यावा. किंमत ठरवताना झालेल्या खर्चाची बेरीज करून तीच मागणे चुकीचे आहे. शिकताना केलेल्या चुकांचे पैसे ग्राहक देत नाही. तशाच प्रकारच्या, तशाच स्थितीतल्या गाड्या प्रत्यक्षात कितीला गेल्या, हाच आधार. लिलावाच्या निकालांवर अधिक विश्वास ठेवावा, जाहिरातीतल्या मागणीवर कमी.

पूर्ण रक्कम मिळाल्याशिवाय आणि नाव बदलण्याच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय गाडी हलू देऊ नये. गाडी दुसऱ्या देशात जाणार असेल, तर तिकडचे आयातीचे नियम ग्राहकाने आधी लेखी कळवावेत, कारण बंदरात अडकलेल्या गाडीचे भाडे रोज वाढत जाते. शेवटच्या दिवशी मी नव्या मालकासोबत एक तास गाडीभोवती फिरतो. पेट्रोल कुठे भरायचे, दिवा उलटा फिरवून इंजिनावर उजेड कसा पाडायचा, डाव्या चाकांचे नट कोणत्या दिशेने सुटतात, हे सगळे त्याच्या हातून एकदा करून घेतो. मग मूळ भागांची पेटी आणि फाइल मागच्या बैठकीवर ठेवतो, आणि रिमवरच्या लाल ठिपक्यांवर बोट ठेवून ते आठ नट हवा असताना का सोडायचे नाहीत हे त्याच्याकडून ऐकून घेतल्यावरच किल्ल्या देतो.